हब मोटरचं थर्मल मॉडेल सपाट रस्त्यावर जुळतं, घाटात चुकतं: दोष नेमका कुठे शोधायचा

इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटर. बाहेर मॅग्नेट चिकटवलेली लोखंडी रिंग फिरते, आत अ‍ॅक्सलवर तांब्याच्या वाइंडिंगचा स्टेटर स्थिर. तिचं सात-आठ नोडचं थर्मल नेटवर्क, म्हणजे प्रत्येक भागाला एक तापमानबिंदू, उष्णतेची वाट म्हणजे रेझिस्टर आणि साठा म्हणजे कपॅसिटर असं मॉडेल, कुणी पायथॉनमध्ये लिहितं, कुणी एक्सेलमध्ये, कुणी एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये रेझिस्टर-कपॅसिटर जोडून. सपाट रस्त्यावरचा डेटा टाकला की वाइंडिंगचं तापमान दोन-चार अंशांत जुळतं. गाडी दिवे घाट चढवली की मोजलेलं तापमान मॉडेलच्या ३०-४० अंश वर जातं. मग बाहेरच्या हवेचा उष्णतावहन गुणांक, म्हणजे सगळ्यांचा लाडका एच, थोडा कमी केला जातो. घाट जुळतो, सपाट रस्ता बिघडतो. मोटरचं पुढचं व्हर्जन आलं की हाच खेळ पहिल्यापासून.

एच शेवटी लावायचा असतो. त्याच्या आधी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: उष्णता किती तयार होते, कुठे साठते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते. शेवटच्या तापमानाच्या एका आकड्यात तिन्ही मिसळलेल्या असतात. त्या आकड्यावर मॉडेल जुळवलं की एकातली चूक दुसरीत लपते आणि भार बदलला की उघडी पडते.

पुढे हिशेबासाठी एकच काल्पनिक मोटर धरतो. तांबं १.२ किलो, लॅमिनेशनचा (पातळ पोलादी पत्र्यांचा) कोअर ३.५ किलो. गाडी चालू असताना स्टेटरपासून बाहेरच्या हवेपर्यंतचा एकूण थर्मल रेझिस्टन्स दर वॅटला ०.६ अंश, वाइंडिंगपासून कोअरपर्यंतचा ०.१ अंश. बाहेरची हवा २० अंश.

आधी करंट तपासा

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण थर्मल नसतंच. डेटा लॉगरमध्ये बॅटरीचा करंट असतो आणि तोच फेजचा (मोटरच्या तीन वाइंडिंगपैकी एकीचा) करंट समजून कॉपर लॉस, म्हणजे तांब्यात तयार होणारी उष्णता, काढलेला असतो. गाडी पूर्ण वेगात असताना दोन्ही जवळपास असतात, म्हणून सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घाटात वेग पडतो, कंट्रोलरची ड्युटी (बॅटरी मोटरला जोडलेली असते तेवढ्या वेळाचा वाटा) समजा ४० टक्क्यांवर येते. बॅटरीतून ३० अँपिअर निघत असतील तर वाइंडिंगमधून ७५ च्या आसपास जातात. लॉस करंटच्या वर्गात वाढतो, म्हणजे मॉडेलला दिलेल्या उष्णतेच्या सव्वासहापट उष्णता प्रत्यक्षात तयार होते आहे. हे चुकलं असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. क्लॅम्प मीटर किंवा कंट्रोलरच्या आतलं रीडिंग घेऊन फेजचा आरएमएस (उष्णतेच्या हिशेबात धरायचा सरासरी) करंट मिळवा. कॅन बसवर (गाडीतल्या डेटाच्या जाळ्यावर) तो मिळत असेल तर तो पीक आहे की आरएमएस हेही बघून घ्या. तो फरक वर्गात गेला की दुपटीचा होतो.

मग तांब्याचा रेझिस्टन्स

करंट बरोबर असूनही हलक्या भारावर जुळतं आणि जड भारावर चुकतं, तर मॉडेलमध्ये रेझिस्टन्स स्थिर ठेवला आहे का ते बघा. तांब्यासाठी नेहमीचं सूत्र: गरम रेझिस्टन्स भागिले थंड रेझिस्टन्स = (२३५ + गरम तापमान) / (२३५ + थंड तापमान). २० अंशांवरून १२० वर गेलं की ३५५ भागिले २५५, म्हणजे ३९ टक्के वाढ. ‘थोडं कमी दाखवेल, चालतंय’ असं इथे वाटतं, पण वाढलेला रेझिस्टन्स लॉस वाढवतो, वाढलेला लॉस तापमान, आणि ते पुन्हा रेझिस्टन्स. स्थिर करंटला हा हिशेब सरळ सुटतो: खरी तापमानवाढ = क्ष / (१ − क्ष/२५५), जिथे क्ष म्हणजे थंड रेझिस्टन्स धरून काढलेली वाढ.

आपल्या मोटरला थंड हिशेबाने १०० वॅट कॉपर लॉस असेल तर क्ष ६० अंश, खरी वाढ ७८. चूक १८ अंशांची. एच थोडा खालीवर केला की ती झाकली जाते. तोच लॉस २०० वॅट केला तर क्ष १२०, आणि खरी वाढ २२७! लॉस दुप्पट, चूक सहापट. क्ष २५५ ला पोचला, म्हणजे या मोटरमध्ये ४२५ वॅट, तर स्थिर तापमान अस्तित्वातच नाही. मोटर तापतच राहते, तारेवरचं इनॅमल जळेपर्यंत. सपाट रस्ता जुळतो आणि घाट चुकतो याचं निम्मं उत्तर या एका सूत्रात आहे.

उरलेल्यातला थोडा भाग मॅग्नेटकडे. निओडायमियम मॅग्नेटची चुंबकीय ताकद दर अंशाला साधारण ०.१२ टक्के उतरते. मॅग्नेट ६० अंशांनी तापले तर सात टक्के गेले. तेवढाच टॉर्क हवा तर करंट तेवढा वाढवावा लागतो आणि लॉस १६ टक्के वाढतो. वरच्या ३९ टक्क्यांशी गुणलं की थंड मोटरच्या तुलनेत लॉस ६० टक्क्यांहून जास्त. तुमच्या मॉडेलला करंट इनपुट म्हणून दिला जात असेल तर हा भाग आपोआप धरला जातो. टॉर्क आणि वेग देऊन करंट आत काढला जात असेल, तर टॉर्क कॉन्स्टंट (दर अँपिअरला मिळणारा टॉर्क) तापमानाशी जोडल्याशिवाय घाट कधीच जुळणार नाही.

डीसी चाचणी

आता खरं काम. हे कंटाळवाणं आहे आणि अर्धा दिवस खातं, म्हणून बहुतेक टीम टाळतात. माझ्या मते थर्मल मॉडेलसाठी एकच चाचणी करायची मुभा असेल तर ती हीच करावी.

मोटर थांबलेली, कंट्रोलर काढलेला. स्टारचा जोड (तिन्ही फेजची टोकं एकत्र येतात ती गाठ) उघडून तिन्ही फेज एकामागे एक जोडा आणि साध्या डीसी सप्लायने करंट सोडा. काही व्होल्टला चाळीसेक अँपिअर देणारा सप्लाय पुरतो. तिन्ही फेजमध्ये सारखी उष्णता तयार होते, रोटर हलत नाही, आयर्न लॉस (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने कोअरमध्ये तयार होणारी उष्णता) शून्य, पीडब्ल्यूएमचा (कंट्रोलरच्या वेगवान चालू-बंदचा) गोंगाट नाही. स्टारचा जोड वाइंडिंगच्या गाठीत पुरलेला असेल तर दोन फेजवर भागवता येतं, पण तिसरी थंड राहते आणि निकाल थोडा गढूळ होतो. चाचणीसाठी वेगळी मोटर वाइंड करून घेत असाल तर वाइंडरला तो जोड बाहेर काढायला सांगा. तारेचा एक तुकडा जास्त लागतो, बाकी काही नाही.

यातली गंमत अशी, की मोटरच्या टर्मिनलवर मोजलेला व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट, वादाला जागाच नाही. आणि तोच व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, म्हणजे वाइंडिंगचं सरासरी तापमान, दर सेकंदाला, मोटर न थांबवता. व्होल्टेजच्या तारा मात्र करंटच्या तारांपासून वेगळ्या, थेट टर्मिनलवर लावा. रेझिस्टन्स मिलिओममध्ये असतो, लग आणि केबलचा हिस्सा त्यात मिसळला तर सगळं फुकट. करंट हळूहळू कमी करत पॉवर स्थिर ठेवा.

आता आलेख वाचायचा. पहिल्या दहा सेकंदांत उष्णता तांब्याबाहेर फारशी गेलेली नसते. तेव्हाचा चढ म्हणजे पॉवर भागिले तांब्याची उष्णताधारकता. आपल्या मोटरमध्ये १.२ किलो गुणिले ३८५, म्हणजे दर अंशाला ४६२ ज्यूल. २०० वॅटला सेकंदाला ०.४३ अंश. प्रत्यक्ष चढ यापेक्षा स्पष्ट कमी असेल तर तांब्याचं वजन चुकलं आहे. बहुधा स्लॉटमधलंच (कोअरच्या खाचांमधलंच) तांबं मोजलं आणि बाहेरची टोकं राहिली.

मग आलेख वाकतो. वाइंडिंग आणि कोअरमधला फरक साधारण ०.१ गुणिले ४६२, म्हणजे ४६ सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने (एकूण बदलाचे सुमारे ६३ टक्के व्हायला लागणाऱ्या वेळाने) स्थिरावतो. त्यानंतर दोघं मिळून संथपणे चढतात: तांबं आणि कोअर मिळून २०७० ज्यूल प्रति अंश, गुणिले ०.६, म्हणजे २० मिनिटांच्या वर. पंखा न लावता नुसत्या उभ्या मोटरला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून समोर मोठा पंखा ठेवून एकदा आणि पंख्याविना एकदा, अशी दोनदा चाचणी करा. पंख्याने बदलतो तो बाहेरचा रेझिस्टन्स, न बदलतो तो आतला. आतला आणि बाहेरचा वेगळा करायला याहून स्वस्त उपाय नाही.

इथे एक सावधगिरी. एआयएस-०४१ या भारतीय वाहन मानकाप्रमाणे ३० मिनिटांची कमाल पॉवर मोजताना मिळणारा डेटा बऱ्याच जणांकडे असतो आणि मॉडेल त्यावरच बसवलं जातं. पण २० मिनिटांच्या टाइम कॉन्स्टंटला ३० मिनिटांत अंतिम तापमानवाढीच्या तीन चतुर्थांशच गाठली जाते. तेवढ्या आलेखावर मोठा रेझिस्टन्स-मोठी धारकता आणि लहान रेझिस्टन्स-लहान धारकता अशा दोन्ही जोड्या बऱ्यापैकी बसतात. डेटा तासाभराचा तरी हवा, आणि बंद केल्यानंतरचा थंड होण्याचा भागही.

डीसी चाचणीत आतला रेझिस्टन्स मॉडेलपेक्षा जास्त निघाला

बहुतेकदा हेच निघतं, आणि संशयित तीनच.

पहिला, वार्निश. स्लॉटमध्ये ४० टक्के तांबं आणि बाकी जागा पूर्ण वार्निशने भरलेली असेल, तर गुंडाळीची आडवी वाहकता वार्निशच्या सुमारे २.३ पट येते: ०.२ वरून ०.४७ वॅट प्रति मीटर-अंश. तीच जागा हवेची असेल तर ०.०७. सातपट फरक! ब्रशने वार्निश मारून ओव्हनमध्ये ठेवलेली वाइंडिंग वरून चकचकीत दिसते आणि आतून पोकळ असते. व्हॅक्यूम इम्प्रेग्नेशन (निर्वातात वार्निश आतपर्यंत भरणं) झालेल्या आणि न झालेल्या मोटरला एकाच मॉडेलमध्ये एकच आकडा वापरू नका. शंका असेल तर एक जुना स्टेटर आडवा कापून बघा. कापलेला स्लॉट डोळ्यांनी बघितल्यावर जे कळतं ते कितीही सिम्युलेशन करून कळत नाही. स्लॉट पेपरही विसरू नका: पाव मिलिमीटर जाडीचा कागद किरकोळ वाटतो, पण त्याची वाहकता ०.१४ च्या आसपास असते आणि कागद व दात यांच्यामधली हवेची फट त्यावर आणखी भर घालते.

दुसरा, कोअर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सपोर्टमधला सांधा. प्रेस फिट आहे म्हणून शून्य धरला जातो. प्रत्यक्षात लॅमिनेशनच्या कडा खडबडीत असतात आणि सांधा शतांश मिलिमीटरच्या पटीतल्या हवेच्या थरासारखा वागतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. सपोर्ट कोअरच्या आत असेल तर तापल्यावर फिट घट्ट होतो, कोअर बाहेरच्या हाउसिंगमध्ये बसवलेला असेल तर सैल होतो. इनरनर (आतला भाग फिरणाऱ्या) मोटरचा आकडा हब मोटरला लावू नका.

तिसरा संशयित वास्तवात नसून तुमच्या कोडमध्ये असतो, आणि तो उलट्या दिशेने चुकवून पहिल्या दोघांना लपवतो. ज्या भागात उष्णता सगळीकडे तयार होते, त्याच्या मधोमध नोड ठेवून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा रेझिस्टन्स जोडला, की नोडचं तापमान त्या भागाच्या खऱ्या सरासरी वाढीच्या तिप्पट आणि कमाल वाढीच्या दुप्पट येतं. कारण मॉडेल समजतं की सगळी उष्णता मधल्या एका प्रतलात निर्माण झाली. दोन्ही बाजूंनी थंड होणाऱ्या पट्टीची खरी सरासरी वाढ पॉवर गुणिले जाडी भागिले (१२ × वाहकता × क्षेत्रफळ) असते, आणि मधल्या नोडने येते ती भागिले ४. म्हणून अभ्यासू नेटवर्कमध्ये तिथे एक ऋण रेझिस्टन्स दिसतो. १/४ मधून १/६ वजा केले की १/१२ उरतात, एवढंच त्याचं रहस्य. तो बघून ‘ऋण रेझिस्टन्स कसा असेल’ म्हणून कुणीतरी तो काढून टाकतं. ठेवा.

यात एक वाईट योग असतो. नोडच्या या चुकीने मॉडेल जास्त तापमान दाखवतं, वार्निश पूर्ण भरलंय असं धरल्याने कमी दाखवतं, आणि दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सगळं जुळलं म्हणून फाइल बंद होते.

एअर गॅप

हब मोटरमध्ये स्टेटरची बरीच उष्णता गॅप (स्टेटर आणि रिंगमधली हवेची फट) ओलांडून रिंगमध्ये जाते, म्हणून हा रेझिस्टन्स कळीचा. आणि नेमका हाच इनरनर मोटरच्या कोडमधून जसाच्या तसा उचलला जातो. आतला सिलिंडर फिरतो तेव्हा एका वेगानंतर गॅपमधल्या हवेत भोवरे तयार होतात आणि उष्णतावहन एकदम वाढतं. जी. आय. टेलर यांनी १९२३ मध्ये हे दाखवलं, आणि टेलर अंक (भोवरे कधी सुरू होतील हे सांगणारा आकडा) १७०८ ओलांडला का अशी तपासणी प्रत्येक कोडमध्ये असते. पण बाहेरचा सिलिंडर फिरत असेल आणि आतला स्थिर, तर बाहेरच्या हवेचाच फिरण्याचा जोर जास्त असतो आणि प्रवाह त्या अर्थाने स्थिर राहतो. ते भोवरे येत नाहीत. शिवाय ५०० आरपीएमला, ०.७ मिलिमीटर गॅपला अंक २०० च्या आसपासच येतो. तेव्हा हब मोटरसाठी गॅप म्हणजे हवेचा साधा थर धरा: जाडी भागिले वाहकता भागिले क्षेत्रफळ. २०० मिलिमीटर व्यास आणि ३५ मिलिमीटर स्टॅक असेल तर गरम हवेची वाहकता ०.०३ धरून दर वॅटला एक अंशाच्या किंचित वर येतो. वेगाने तो बदलत नाही, म्हणजे उभ्या मोटरच्या डीसी चाचणीत मिळालेला आकडा धावत्या मोटरलाही चालतो.

गॅपमध्ये फेरोफ्लुइड (मॅग्नेटला धरून राहणारं तेल) घातलं असेल तर तेलाची वाहकता हवेच्या चार-पाचपट, म्हणून हा रेझिस्टन्स त्या मानाने उतरतो. वेगात तेलाचा ओढ वाढतो, तो लॉसमध्ये धरा.

आयर्न लॉस

डीसी चाचणी जुळली, तरी धावत्या मोटरमध्ये फरक येतो आणि तो वेगाबरोबर वाढतो. आता खात्रीने सांगता येतं की वाटा बरोबर आहेत, उष्णता कमी धरली आहे.

एम४००-५०ए या लॅमिनेशनच्या पोलादाच्या नावातच किलोला ४ वॅट लिहिलेले आहेत, पण ते १.५ टेस्ला आणि ५० हर्ट्झला, साइन लहरीला. स्कूटरच्या हब मोटरमध्ये ४६ मॅग्नेट, म्हणजे २३ पोल जोड्या सर्रास असतात. ६०० आरपीएमला २३० हर्ट्झ होतात. लॉसचा हिस्टेरिसिसचा भाग ४.६ पट आणि एडी करंटचा भाग २१ पट. वर स्टॅम्पिंगने कडांचं पोलाद खराब होतं, आणि हब मोटरचे दात अरुंद असल्याने कडाच जास्त. डेटाशीटच्या दीडपट-दुप्पट लॉस निघाला तर आश्चर्य मानू नका. मोजायला सोपा मार्ग: चाक अधांतरी, पूर्ण वेगात नेऊन फेज सोडून द्या आणि वेग कसा उतरतो ते नोंदवा. चाकाचं जडत्व माहीत असेल तर जडत्व गुणिले कोनीय वेग गुणिले वेग उतरण्याचा दर म्हणजे आयर्न, बेअरिंग आणि हवेचा मिळून लॉस.

भाराखालचा एसी कॉपर लॉस हवा असेल तर डीसी चाचणीतला सुरुवातीचा चढ इथे पुन्हा उपयोगी पडतो. थंड मोटरला अचानक भार द्या आणि पहिल्या काही सेकंदांत तांबं किती चढतं ते बघा. धारकता आता माहीत आहे, पॉवर थेट निघते.

मोजमापच चुकलेलं असेल तर

मोटर थांबवून रेझिस्टन्सने तापमान काढताना आयईसी ६००३४-१ या मोटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात ५० किलोवॅटपर्यंतच्या मोटरला ३० सेकंदांत रीडिंग घेतलं तर मागे जाऊन हिशेब न करता चालतं. हब मोटरला ही सूट घेऊ नका. ४६ सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटला ३० सेकंदांत वाइंडिंग आणि कोअरमधला निम्मा फरक गेलेला असतो. पाच-दहा रीडिंग घ्या आणि शून्य क्षणापर्यंत आलेख मागे ओढा. थर्मोकपल पीडब्ल्यूएम चालू असताना उड्या मारत असेल तर ते रीडिंग टाकून द्या.

थांबल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं लॉग करत राहा. वारा बंद होतो, स्टेटरमधली उष्णता बाहेर येत राहते, आणि कव्हर व मॅग्नेट गाडी थांबल्यावर आणखी तापतात. तुमचं मॉडेल हा फुगवटा दाखवत नसेल तर एच वेगाशी जोडलेला नाही किंवा रेडिएशन राहिलं आहे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर आणि काळं रंगवलेलं कव्हर यांच्यात उभ्या गाडीला चौरस मीटरला सहा वॅट प्रति अंशाहून जास्त फरक पडतो, जवळपास नैसर्गिक हवेएवढाच. धावताना तो किरकोळ.

आणि घाटातली एक खास गोष्ट. चढावर सिग्नलला ब्रेक न धरता थ्रॉटलवरच गाडी उभी ठेवली, तर फिरणं थांबतं आणि तिन्ही फेजमध्ये डीसी करंट अडकतो. वाईट कोनात एका फेजमध्ये पूर्ण पीक करंट, उरलेल्या दोघींत त्याचा निम्मा. पहिलीत दुसरीच्या चौपट उष्णता. एनटीसी (तापमानाचा सेन्सर) त्या थंड फेजच्या गाठीत बांधलेला असेल तर लॉगमध्ये काहीच दिसणार नाही, आणि वाइंडिंगचा एकच नोड असलेलं मॉडेल त्याच्याशी मजेत जुळेल. कमी वेगासाठी तरी तिन्ही फेजचे नोड वेगळे करा, आणि चाचणीच्या मोटरमध्ये तिन्हींत एकेक सेन्सर घाला.